झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही

गफूर, लेका, तुझा डबा सध्या माझ्या टेबलावर बसलाय आणि दोन्ही डोळे वटारून माझ्याकडे बघतोय. वरचा डोळा बघण्यासाठी, खालचा फोटो काढण्यासाठी, असं तू मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतंस. तेव्हा मी म्हणालो होतो, "म्हणजे एकानं नुसतं बघायचं आणि दुसऱ्यानं काम करायचं. आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिससारखंच की!" तू हसला नाहीस. माझ्या विनोदाला तू जागच्या जागी कधी हसलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्कूटरखाली आडवा पडलेला असताना एकदम खदाखदा हसायचास आणि गिऱ्हाईक दचकायचं.

शुक्रवारी चाकणला तुला पोचवून आलो. सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली. मग सगळे निघाले. मी मात्र जागचा हललो नाही. तुझा मेव्हणा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला वसंतभाऊ." मी म्हणालो, "थांबा, त्याला म्हणू दे." तो माझ्याकडे बघतच राहिला. उन्हानं डोकं फिरलं असं वाटलं असणार त्याला. तुला मात्र कळलं असतं मी कशाची वाट बघत होतो ते. आणि हे वाचणाऱ्या मंडळींना कळावं म्हणून मला थोडं मागे जायला हवं. तू म्हणशील, "नाटक्या, लांबण लावू नगं." लावणार. आता अडवायला तू नाहीस.

चीनचं युद्ध झालं त्या साली मी पिंपरीला नोकरीला आलो. ज्वारीच्या रानात एकेक कंपनी उगवत होती आणि कंपनीच्या मागोमाग चहाच्या टपऱ्या. हमरस्त्याच्या कडेला तुझं पत्र्याचं गॅरेज. तिथे तो डबा कसा आला, ही गोष्ट मी इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की मलाच आता खरी कुठली ते आठवत नाही. कुठल्याशा कंपनीत मशीनं बसवायला आलेला एक जर्मन साहेब. त्याची मोटरसायकल तुझ्या दारात बंद पडली आणि ती तू चालू करून दिलीस, इथपर्यंत सगळ्या तऱ्हा सारख्या. परत जाताना त्यानं आपला बंद पडलेला कॅमेरा तुझ्या हातात ठेवला. माझ्या गोष्टीत इथे साहेब रडतो. मी ही गोष्ट सांगायला लागलो की तू आतून ओरडायचास, "गोरा रडला न्हाई! त्याच्या डोळ्यात आईल गेलं व्हतं!"

तू तो कॅमेरा उघडलास, जुबेदाभाभींच्या शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकानं आत सोडलंस, आणि कधीपासून अडून बसलेलं झडप "टिक" म्हणालं. मग गॅरेजच्या अर्ध्या भागात भाभींनी जुनी चादर टांगली. चादरीच्या अलीकडे स्कूटर, पलीकडे स्टुडिओ. स्कूटर दुरुस्त होईपर्यंत माणूस फोटो काढून घ्यायचा, आणि फोटोला आलेला माणूस काळे डाग घेऊन घरी जायचा.

पहिल्यांदा तू मला वरून आत बघू दिलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. झाकण उघडलं, मान खाली घातली, आणि काचेवर एवढासा चौकोनी रस्ता दिसला. त्यावरून एवढीशी एसटी गेली. रंग तेच, ऊन तेच, पण खरं वाटू नये इतकं देखणं. मला नाटकाचं वेड. गणेशोत्सवात कंपनीच्या मांडवात मी कधी राजा, कधी खलनायक. मला वाटलं, कुणीतरी माझ्या हातात तळहाताएवढं रंगमंदिर ठेवलंय. मी एसटीच्या मागे कॅमेरा फिरवला तर एसटी भलतीकडेच पळाली.

"उलटं दिसतं त्यात," तू म्हणालास. "डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. सवय व्हती."

तुला इतकी सवय झाली, की "डावीकडे सरका" म्हणताना तुझा हात उजवीकडे जायचा. लग्नात वऱ्हाडी मंडळी तुझ्या तोंडाकडे बघून एकीकडे आणि हाताकडे बघून दुसरीकडे सरकायची आणि मधोमध आदळायची.

आणि त्या डब्याचा सगळ्यात मोठा अवगुण. फोटो काढल्यावर रोल आपोआप पुढे सरकत नसे. तो हातानं सरकवायचा. बाजूची ती गोल चकती, जिला तू 'कान' म्हणायचास, ती पिळायची आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. एका रोलवर बारा फोटो. कान पिळायला विसरलास की पुढचा फोटो आधीच्याच फोटोवर. डब्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आपण फोटो काढलाय की काढायचाय, हे त्याचं त्याला ठाऊक नसायचं.

खंडेनवमीचं ते रामायण सांगायलाच हवं. आमच्या खात्यात मशीनची पूजा. नव्या लेथला झेंडूचा जाडजूड हार. तू लेथचा फोटो काढलास, तेवढ्यात कुणीतरी तुझ्या तोंडात पेढा कोंबला, पेढा संपेपर्यंत मोठे साहेब कोट घालून उभे राहिले, आणि तू त्यांचाही फोटो काढलास. कान पिळायचा राहिला. रोल धुतल्यावर बघतो तर साहेब मंद हसतायत, पोटातून लेथ आरपार गेलाय, आणि तो झेंडूचा हार दोन्ही खांद्यांवरून असा बरोबर खाली आलेला, की फ्रेम करून भिंतीवर लावायचंच काय ते बाकी. मी तुला हात जोडून सांगत होतो, हा फोटो देऊ नकोस. तू म्हणालास, "काढलाय तर द्याया पायजे." साहेबांच्या सासूबाईंनी लिफाफा उघडला आणि म्हणे देवघरासमोर जाऊन बसल्या. साहेबांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आम्ही कान लावून उभे. आतून साहेबांचा आवाज, "अरे, मी जिवंत आहे!" आणि तुझा शांतपणे, "व्हय साहेब. पुन्हा काढू."

त्या दिवसापासून तुझा कायदा आला. फोटो काढल्यावर तू कान पिळणार, खिडकीत आकडा बघणार, आणि मग म्हणणार, "झालं." तोवर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, पेढा तर मुळीच द्यायचा नाही. खरं म्हणजे झडप पडल्यावर माणूस हलला काय नि नाचला काय, फोटोला काही फरक पडत नव्हता. पण लोकांना वाटायला लागलं की "झालं" म्हटल्याशिवाय फोटो उमटतच नाही. भोसरीपासून चिंचवडपर्यंत नवरानवरी श्वास रोखून उभी राहायची. मराठवाड्यातून आलेली पोरं, गेटपाससाठी आयुष्यातला पहिला फोटो काढून घ्यायची, ती तर पापणीसुद्धा लववत नसत. तुझ्या फोटोंतली माणसं अशी का दिसतात, कुणीतरी फार महत्त्वाचं सांगणार आहे आणि ते ऐकायला थांबल्यासारखी, ते यामुळे. एकटा मीच त्यात बसलो नाही. तुझ्या एकूण एक फोटोत माझ्या तोंडाच्या जागी धूर आहे. मंद उजेडात तुझं झडप सावकाश पडायचं आणि मी तोवर बोलून मोकळा. "तुझं थोबाड लिनला न्हाई सापडायचं," तू म्हणायचास. लिन म्हणजे लेन्स. ते मी तुला कधी सुधारून दिलं नाही, कारण तुझा शब्द जास्त चांगला होता.

मग मी माझा छोटा कॅमेरा आणला, आणि आपलं युद्ध पेटलं. भाच्यानं परदेशातून आणलेला, मुठीत मावणारा, डोळ्याला लावायचा, सगळं सुलट दिसणारा. खटका ओढला की रोल आपोआप पुढे. एका रोलवर छत्तीस फोटो! मी तुझ्या गॅरेजात तो असा काढला, जसा दुसऱ्या अंकात राजा तलवार काढतो.

तू हातात घेतलास, उलटासुलटा केलास. "काडेपेटी हाय."

"आणि तुझं काय? रॉकेलचा डबा! गळ्यात अडकवून मानेला बाक आला तुझ्या."

"छत्तीस फोटू कशाचं काढनार?"

"वाटेल त्याचे!"

"त्येच म्हनतो," तू म्हणालास. "वाटंल त्याचं."

बारा वर्षं तरी हे भांडण चाललं असेल. माझे मुद्दे बिनतोड होते. तुझा रोल मिळवायला पुण्यात कॅम्पात खेटे घालायचे आणि दुकानदारानं "पुढच्या महिन्यात बघा" म्हणायचं. बारा फोटो पुरे झाल्याशिवाय तू रोल धुवायचा नाहीस, म्हणून पोरीचा दाखवण्याचा फोटो अडकून पडायचा. मग तिचा बाप रस्त्यावरची माणसं ओढून आणायचा, "या हो, फोटो काढून घ्या, आमची सोयरीक खोळंबलीय!" तुझा सगळ्यात आवडता मुद्दा एकच होता. "तुझ्यात एक डोळा मिटून माणसावर नेम धरावा लागतो. माझ्यात मान खाली घालावी लागती. कोनबी म्हातारी माझ्याम्होरं लाजत न्हाई." मी म्हणायचो, हा मुद्दा नाही, हे कीर्तन आहे. तू दुसऱ्या दिवशी हसायचास.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोललो नाही. आमच्या खात्यातला पवार काविळीनं गेला. त्याची बायको दापोडीहून आली. घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. गेटपासवरचा होता तो घामानं पुसून गेलेला. आपल्याकडे होता तो खंडेनवमीचा सगळ्या खात्याचा फोटो, तू काढलेलाही आणि मी काढलेलाही. पवार मागच्या रांगेत, तांदळाच्या दाण्याएवढा. मी माझ्या फोटोतला पवार मोठा करून आणला. नुसती रांगोळी. नाक कुठे, मिशी कुठे, काही कळेना. तुझी ती तळहातावर मावणारी चौकोनी निगेटिव्ह. त्यातून पवार वर आला तो शर्टाच्या तुटक्या बटणासकट.

तिनं बघितलं, आणि म्हणाली, "भांग ह्या अंगाला नव्हते पाडत ते."

तू कपाळावर हात मारून घेतलास. निगेटिव्ह पालथी घातली होतीस. इतकी वर्षं उलटं बघून बघून तुला उलटा पवारच सुलट वाटला. पुन्हा काढून दिलास. ती फोटोकडे बघत उभी राहिली, आणि मग हळूच विचारलं, "हलू का आता?" कारण तू तिला अजून "झालं" म्हटलं नव्हतंस. तिचा फोटो काढतच नव्हतास रे तू! तरी म्हणालास, "झालं, ताई." आणि मगच ती रडली.

त्या दिवशी घरी जाताना मी मनातल्या मनात तुझ्यापुढे गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा भांडलो. भांडण सोडलं असतं तर संध्याकाळी तुझ्याकडे येऊन बसायला कारण काय उरलं असतं?

आता कालचं सांगतो. काल दुपारी भाभींनी मला बोलावलं. चादर अजून तशीच टांगलेली. त्यांनी कातडी पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. लाल खिडकीत अकराचा आकडा.

"भाऊ, ह्यात त्यांचा फोटू हाय," त्या म्हणाल्या. "मी काढलेला."

मी चाट पडलो. तुझा छातीचा आजार वाढला, दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्या दिवशी सकाळी तू दारात स्टुलावर बसलास म्हणे आणि त्यांना म्हणालास, "आज तू काढ." आयुष्यभर त्या डब्याला फक्त फडकं मारलेली बाई. तू सगळं नीट लावून त्यांच्या हातात दिलंस. त्यांनी मान खाली घातली, तू काचेत सापडेनास, त्या इकडे वळल्या की तू तिकडे. तू दम लागेपर्यंत हसलास. मग सापडलास. त्यांनी बटण दाबलं.

मी म्हणालो, "भाभी, त्याचे फोटो माझ्याकडे ढिगानं आहेत. काडेपेटीतले. सगळे आणून देतो."

"द्या की. पर तुमच्या फोटूत ते तुमच्याकडं बगत्यात," त्या म्हणाल्या. "ह्यात माझ्याकडं बगत्यात. मला ह्यो पायजे."

मी रोल तसाच काढून न्यायला निघालो, तर त्यांनी अडवलं. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायचा नाही, हा तुझा कायदा. मेल्यावर चार दिवसांत तो मोडायचा नाही. उरलेले फोटो काढा, म्हणाल्या, आणि मग न्या. तू प्रत्येक फोटोनंतर कान पिळणारा, तेव्हा खिडकीतला अकरा म्हणजे अकरावं घर रिकामं, बारावंही रिकामं, असा सरळ हिशोब मी केला. भाभींना दारात उभं केलं. डबा गळ्यात अडकवला. मान खाली घातली. त्या उलट्या दिसत होत्या, पदर उजव्या खांद्यावर, मागे हमरस्ता, त्यावर एवढासा ट्रक. इतकं देखणं दिसत होतं, गफूर, की मी माझ्या काडेपेटीला मनातून दोन शिव्या दिल्या. बोट बटणावर ठेवलं.

तेवढ्यात भाभी ओठ न हलवता म्हणाल्या, "भाऊ, झालं कोन म्हननार?"

बोट तिथंच राहिलं.

"भाभी," मी विचारलं, "त्या दिवशी कोण म्हणालं?"

त्या विचारात पडल्या. "कुनीच न्हाई. मी बटन दाबलं आन् माझा भाऊ रिक्षा घेऊन आला. मी डबा ठिवला आन् पिशवी भराया पळाले. हे बसूनच. भाऊ म्हनला उठा, तर उठंनात. दोगांनी धरून रिक्षात घातलं. रिक्षात बी माझ्याकडं बगून म्हनत व्हते, झालं म्हन की, झालं म्हन की. मला वाटलं तापात बरळत्यात."

मी बटणावरून बोट असं उचललं, जसं तापल्या तव्यावरून उचलतात. कान पिळलेलाच नव्हता. अकराव्या घरात तू बसला होतास. माझं बोट आणखी जरा दाबलं गेलं असतं, तर तुझ्या छातीतून ट्रक गेला असता आणि तुझ्या डोळ्यांच्या जागी दाराची कडी आली असती. आयुष्यभर मी त्या डब्याला ज्या अवगुणावरून छळलं, त्या अवगुणानं काल मला जवळजवळ गाठलंच होतं. आणि वाचवलं ते तुझ्या त्या कायद्यानं, ज्याला मी नेहमी थोतांड म्हणत आलो.

भाभींना मी सगळं समजावून सांगितलं. त्या एकदम खाली उंबऱ्यावर बसल्या. "म्हंजे ते तवापासून तसंच बसल्यात?" म्हणाल्या.

"तसाच बसलाय," मी म्हणालो. "तुम्ही म्हणेपर्यंत हलायचा नाही तो."

मी डबा त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी कान धरला. पिळला अगदी सावकाश, शिलाई मशीनचं चाक फिरवावं तसा. लाल खिडकीतून अकरा सरकत गेला, थोडा वेळ नुसता लाल उजेड, आणि मग बारा येऊन उभा राहिला. त्यांनी दारातल्या त्या स्टुलाकडे बघितलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "झालं हो."

मग रडल्या. मीही रडलो. शुक्रवारपासूनचं सगळं.

बारावा फोटो माझा. भाभींचाच हुकूम. त्याच स्टुलावर बसवलं मला आणि म्हणाल्या, "आता तरी त्वांड मिटा." मी मिटलं. त्यांनी मान खाली घातली, मला शोधलं, बटण दाबलं, कान पिळला. "झालं" म्हणेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मग रोल धुवायला त्यांनी डब्यासकट माझ्याबरोबर दिला. तुझा विश्वास बसणार नाही, पण उद्या रोल धुऊन येईल तेव्हा त्यात माझं तोंड असेल, धूर नसेल. त्याच्या शेजारच्या घरात तू असशील, हसून दम लागलेला, बायकोकडे बघणारा.

आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. छत्तीस म्हणजे छत्तीस. त्याचं उत्तर तू नेहमीसारखं उद्या दिलंस तरी चालेल.

पण आज तू मोकळा आहेस. भाभींनी म्हटलंय. ऐकलंस ना? आता हल, गफूर.